बानाबाईचे आठवे रीळ

मी, भिकन मल्हारराव सोन्ने, वय शहात्तर पूर्ण, जन्म पोलीस ॲक्शनच्या साली (तारीख आईला ठाऊक नव्हती, रझाकार पळाले आणि तू झालास, एवढेच ती सांगे), धंदा पूर्वी सिनेमाचे मशीन चालवणे, राहणार औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्या कानाने कमी ऐकू येते, आणि येत्या सोमवारी हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दमदाटी केलेली नाही. घाई झाली आहे, ती माझी मलाच झाली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

शेजारचे आप्पासाहेब रजिस्ट्री कचेरीत जन्मभर कारकून होते. ते म्हणाले, "भिकनराव, आधी स्थावर, मग जंगम, आणि रडगाणं सगळ्यात शेवटी." मी तसा प्रयत्न करतो.

कलम १. औरंगपुऱ्यातले माझे दोन खोल्यांचे घर, वरच्या गच्चीसह, माझी एकुलती एक मुलगी सौ. वच्छला हिला द्यावे. ती जालन्याला शाळेत शिकवते. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही, पण विकण्यापूर्वी घेणाऱ्याला मागच्या खोलीतली एक फरशी दाखवावी. लोखंडी पेटीखालची. गेल्या दसऱ्यापासून ती फरशी ओली असते. या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, बायाबापड्या टँकरमागे हंडे घेऊन पळतात, आणि माझ्या घरात एक फरशी आपली रोज ओली. नळवाला आणून दाखवली. तो म्हणाला इथून पाइपच जात नाही, आणि दोनशे रुपये घेऊन गेला. वच्छला म्हणते, बाबा, ओल धरली असेल भिंतीने. भिंत कोरडी आहे, वच्छला. मी हात लावून पाहिली आहे.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक राहील त्यातून आधी माझे दिवस करावेत, गावजेवण घालू नये. मी कोणाच्या गावजेवणाला गेलो नाही. उरेल ते वच्छलाचे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ३. हत्यारे. रीळ जोडायचा पितळी सांधा चांगल्या स्थितीत आहे, तो बद्रीनाथला द्यावा. बद्रीनाथ म्हणजे माझे जुने मालक काकासाहेब यांचा नातू. कॉलेजात शिकवतो, भला मुलगा आहे, बोलतो फार. वडिलांची घोंगडी आणि काठी माझा धाकटा भाऊ सांडू याला द्यावी. तो फर्दापूरकडे मेंढरे राखतो आणि पन्नास वर्षांत माझ्याशी दहा वाक्ये बोललेला नाही. घोंगडीला कसर लागलेली नाही, मी दरवर्षी ऊन दाखवत आलो, एवढे त्याला सांगावे.

राहिली कात्री. ती कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर जाळावी. लोखंड जळत नाही असे आप्पासाहेब म्हणतात. मग पुरावी, पण घरात ठेवू नये. का ते पुढे येते.

कलम ४. पेटीत माझ्या दोन धोतरांखाली पत्र्याचा एक गोल डबा आहे. त्यात 'ओली पायरी' या सिनेमाचे आठवे, म्हणजे शेवटचे रीळ आहे. हे आठवे रीळ अजून शिल्लक आहे हे आजच्या घडीला जगात फक्त मला माहीत आहे. इथून पुढे आप्पासाहेबांनी सांगितलेला क्रम मोडणार, त्याला इलाज नाही.

फर्दापूरच्या पलीकडे आमची धनगरवस्ती होती, तिथे एक बारव आहे, खोल, पायऱ्यांची. ती खणली तेव्हा पाणी लागेना. मग गावच्या पाटलाने थोरल्या सुनेच्या हाती पूजेचे ताट देऊन तिला तळाशी उतरवले. ती शेवटच्या पायरीवर होती तेव्हा पाणी आले. ती वर आली नाही. तेव्हापासून ती ओल्या पायांनी माहेर शोधत फिरते, असे आमच्यात सांगत. म्हणून वस्तीतल्या बायका चैत्रात एकदा तिला लेक म्हणून बोलवायच्या. ओव्या म्हणून बोलवायचे, भाकर खाऊ घालायची, ओटी भरायची, आणि मग पाठवणीच्या ओव्या म्हणून परत पाठवायचे. बोलावले की पाठवणी झालीच पाहिजे, हा नेम. म्हणणारीला ठसका लागला तर शेजारणीने ओवी उचलायची, पण अर्ध्यात सोडायची नाही. पुरुषांनी नारळ आणून द्यायचा आणि पाठ फिरवून निघून जायचे. आणखी एक. आपल्यात निघालेल्या माणसाला कोणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. या पाठवणीच्या शेवटी मात्र सगळ्या बायका एका आवाजात 'जा बाई' म्हणत. वर्षातून त्या एकाच वेळी तो शब्द तोंडातून काढायची मुभा.

या ओव्या म्हणण्यात माझी आई बानाबाई हिचा हात कोणी धरू शकत नसे.

बहात्तरच्या दुष्काळाने बारव आटली. पुढच्या उन्हाळ्यात मुंबईहून तात्यासाहेब नावाचे सिनेमावाले आले. तळ उघडा पडलेला बघून ते लहान मुलासारखे खूश झाले. आम्ही प्यायला पाणी शोधत होतो आणि ते तळ दिसला म्हणून पेढे वाटत होते. त्यांना सुनेची गोष्ट सिनेमात घ्यायची होती, आणि आईचा आवाज हवा होता. आई म्हणाली, "बोलवणी म्हणीन, पर पाठवणीबी घ्या. नुसतं बोलावून ठिवायला ती काय पाव्हणी हाय?" तात्यासाहेब म्हणाले, घेऊ. आईचा त्यांच्यावर विश्वास बसेना. तेव्हा मी काकासाहेबांच्या तंबू टॉकीजवर मशीन चालवायला लागून दोन वर्षे झाली होती, म्हणून ती माझ्याकडे वळली. "दाखवणारा तू. तू उचल भंडारा."

मी बिरोबाचा भंडारा उचलला. पाठवणी दाखवल्याशिवाय सिनेमा संपवणार नाही, असा शब्द दिला. मग आई गायली. पाठवणी घेतली तेव्हा मी नारळ देऊन नेमाप्रमाणे पाठ फिरवून निघून गेलो होतो.

सिनेमा शहरात दोन आठवडे चालला आणि पडला. काकासाहेबांनी एक प्रत तंबूसाठी घेतली. पंच्याहत्तरच्या चैत्रात फर्दापूरला तंबू लागला तेव्हा वस्तीतल्या बायका आईला पुढे घालून संध्याकाळच्या खेळाला आल्या. बायकांच्या बाजूच्या दारावर सांडू होता. सातव्या रिळाच्या शेवटी आईच्या बोलवणीवर सून पायऱ्या चढून वर येते, सरळ आपल्याकडे बघते. आणि पडद्यावर 'समाप्त' आले.

कारण 'समाप्त'ची पट्टी आठव्या रिळातून कापून मी सातव्याला जोडली होती. आठवे रीळ डब्यात बंद होते.

आई उठून उभी राहिली. तिला वाटले असावे की मशीन बिघडले. थोडा वेळ ती पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिली आणि मग तिने तिथेच पाठवणी म्हणायला सुरुवात केली. लोक उठत होते, बाकडी वाजत होती, इंजिन धडधडत होते, पोरे शिट्ट्या मारू लागली. मी मशीनच्या खोलीतून धावत खाली आलो आणि तिचा दंड धरला. म्हणालो, "आये, बस कर. लोकं हासतेत."

ती थांबली. सगळ्या जन्मात तिने अर्ध्यात सोडलेली ती एकच पाठवणी.

मी गेली पन्नास वर्षे सांडूला, वस्तीला, बायकोला (ती आता नाही) सांगत आलो की काकासाहेबांनी रीळ काढायला लावले. आज शपथेवर लिहितो की ते खोटे आहे. काकासाहेब फक्त म्हणाले होते, खेळ थोडा आवरता घे. काय कापायचे ते मी ठरवले. आठव्या रिळात (पट्टी उजेडात धरून मी चौकटी पाहिल्या होत्या) माझी आई फाटक्या लुगड्यात, कपाळभर भंडारा लावून, हेल काढून गाते, आणि मी तेव्हा टेरिलीनची पँट घालून शहरातल्या लोकांत उठबस करत होतो. मला तिची लाज वाटली. एवढेच कारण. काकासाहेबांबद्दल मी जे जे बोललो ते मागे घेतो, आणि बद्रीनाथची माफी मागतो.

आईने मला शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नारळ घेऊन एकटी बारवेवर गेली, राहिलेले पुरे करायला. परत आली ती नारळ तसाच घेऊन. म्हणाली, "ती बारवंत नाय. ती तुह्या तंबूत हाय."

मी हसलो. पण त्या हंगामात सांडूने मला तीनदा विचारले की बायकांच्या बाजूला दाराने आत गेलेल्यांपेक्षा एक बाई जास्त कशी भरते. आणि ऐन वैशाखात, खेळ सुटल्यावर ताडपत्री गुंडाळताना तिची एक कड ओली लागायची. सांडूने नोकरी सोडली. जाताना म्हणाला, "तू आयचा आवाज कापला. आता तुहं तू बघ."

दोन वर्षांनी आई तापाने गेली. तिला भुताने नेले असे मी म्हणणार नाही; ताप होता, औषध उशिरा मिळाले. पण ती पुन्हा गायली नाही. वस्ती पांगली, ज्यांना पाठवणी येत होती त्या बायका एकेक करून गेल्या. सात रिळे काकासाहेबांच्या गुलमंडीतल्या गोदामात पडली. आठवे माझ्याकडे राहिले. मी ते एकदाही चालवलेले नाही.

गेल्या दसऱ्याला गोदाम पाडताना बद्रीनाथला ती सात रिळे सापडली. सिनेमाच्या बाकीच्या प्रती केव्हाच नष्ट झाल्या होत्या, म्हणून फार गाजावाजा झाला. त्याने ती साफ करून चालवून पाहिली. माझी फरशी ओली होऊ लागली ती त्याच आठवड्यात. जिची परतीची वाट उघडायची राहिली ती सून, ती वाट डब्यात बंद आहे तिथे येऊन उभी आहे, असे मला वाटते. आप्पासाहेबांना हे वाक्य काढायचे होते. मी काढलेले नाही.

आता पंधरा फेब्रुवारीला 'ओली पायरी' शहरातल्या मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत, आणि त्यानंतर म्हणे कोणालाही घरबसल्या फोनवर बघता येईल. मोठमोठ्या लोकांनी लिहिले आहे की अचानक तुटणारा शेवट हीच या सिनेमाची कमाल आहे, असा धाडसी शेवट कोणी केला नाही. अहो, ते धाडस नाही, ती माझी कात्री आहे. मी बद्रीनाथला आडून विचारून पाहिले, समजा पुढचा भाग सापडला तर? तो हसून म्हणाला, "काका, सापडला तर पंचाईतच होईल. सगळे त्या शेवटासाठीच तर येतायत." मी फोन ठेवून दिला.

तंबूत एका वेळी तीनशे माणसे बसायची आणि तरी मला झोप लागत नसे. आता किती घरांत तिला बोलावतील, आणि पाठवणार कोण?

रिळाची अवस्था वाईट आहे. डबा उघडला की सिरक्याचा आंबट वास येतो, कडा आक्रसल्या आहेत. मशीनवर चढवले तर फार तर एकदा चालेल, मग भुगा. म्हणून मी ते स्वतःसाठी चालवले नाही. आईचा आवाज एकदा ऐकावा असे मला किती वाटते ते मी इथे लिहीत बसत नाही. पाठवणी लहानपणी भिंतीआडून कानावर पडली तेवढी दोन कडवी मला येतात, ती रीळ नासले तर निदान तेवढी राहावीत म्हणून लिहून ठेवतो:

खाल्लीस भाकर गं, पेलीस माठाचं पाणी,
दिव्याची वात झाली लहानी.

भरली ओटी गं, बांधली शिदोरी,
कोरड्या पायानं उतर माही पायरी.

पुढची कडवी फक्त त्या रिळात आहेत. बोलवणीच्या ओव्या मला सगळ्या येतात, पण त्या मी लिहिणार नाही, कारण मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखवावे लागते.

तरी माझ्या मृत्यूनंतर हे आठवे रीळ बद्रीनाथला द्यावे, अशा अटीवर की त्याने ते सातव्याला जोडावे आणि त्याशिवाय सिनेमा कुठेही, कोणालाही दाखवू नये. वच्छलाने त्यातली पाठवणी ऐकून तोंडपाठ करावी आणि आणखी एका तरी बाईला शिकवावी.

कलम ५. वरील चार कलमे लिहून झाल्यावर मी आप्पासाहेबांना आणि समोरच्या द्वारकाबाईंना साक्षीसाठी बोलावले आणि वाचून दाखवले. द्वारकाबाई पापड लाटतात, त्यांना काही मिळणार नाही, म्हणून त्या साक्षीदार चालतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी मेल्यावर काहून?"

मी म्हणालो, मृत्युपत्र तसेच असते.

"ते व्हय. पर खेळ पंधराला हाय ना? आन् सोमवारी तुमी मेलेच नाय तर?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. आठ दिवस मी रात्रंदिवस हेच लिहायचे घोळवत होतो, मेल्यावर काय होईल याची एकेक बाजू बघत होतो, आणि जगलो तर काय, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. जगलो तर दवाखान्यात पडून राहणार, रीळ पेटीत राहणार, आणि पंधराला ती पुन्हा पायऱ्या चढून येणार. खरे सांगायचे तर मेल्यावर कबुली दिली की सांडूच्या तोंडाकडे बघावे लागत नाही, हाच माझा हिशेब होता. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही.

द्वारकाबाई म्हणाल्या, "लावा फोन. म्या बसते इथं."

बद्रीनाथ आज दुपारी आला. मी त्याला काकासाहेबांचे सांगितले, कात्रीचे सांगितले, भंडाऱ्याचे सांगितले. पेटी सरकवून त्याने फरशीला हात लावला आणि हात बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाला, मशीनवर चढवायची गरज नाही, पुण्याला एकेका चौकटीची नक्कल करून घेतात, आवाजासकट, रीळ तुटत नाही. रात्रीच्या गाडीने नेतो, पंधराच्या आत जोडतो. त्या शेवटाचे काय, लोक काय म्हणतील, असे मी विचारले. "काका, लोकांचं मी बघतो. आजीला शब्द तुम्ही दिला होता, दाखवतोय आता मी." मग त्याने विचारले, सोमवारच्या आधी एकदा तुम्हाला ऐकवू का, फोनवर पाठवता येईल. माझ्या डोळ्याला धार लागली. मी नको म्हणालो. पुरुषांनी नारळ द्यायचा आणि पाठ फिरवायची असते. नारळ मी दिला.

त्यानंतर सांडूला फोन केला. मी सगळे सांगितले. पलीकडे मेंढरे ओरडत होती. तो म्हणाला, "कोणती तारीख?"

सबब आठवे रीळ आता माझ्या मालकीचे नाही, त्याबाबतचे कलम ४ मधील वाटप गळले असे समजावे. बाकीचे कायम. आणि पंधरा तारखेसाठी एवढेच सांगणे: आई गाऊ लागली की कोणी उठू नये, दारे उघडू नयेत. शेवटी तिथे बसलेल्या सगळ्या बायकांनी तो वर्षातून एकदाचा शब्द मोठ्याने म्हणावा. वच्छला, तू सुरुवात कर, लाजू नको. माझ्या घरात लाजून जे व्हायचे ते होऊन गेले आहे.

सोमवारी माझे बरेवाईट झाले तर माझ्याही पायाशी उभे राहून कोणी 'या' म्हणू नये. मला व्यवस्थित पाठवावे.

पेटीत आता फक्त धोतरे आहेत. फरशी अजून ओली आहे. पंधरापर्यंत ती कोणी पुसू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, मला मान्य आहे.

(सही) भिकन मल्हारराव सोन्ने
स्थळ: औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार १: आप्पासाहेब, सेवानिवृत्त कारकून, राहणार शेजारी. भिकनरावांनी माझ्यासमक्ष सही केली, मीही त्यांच्यासमक्ष केली. ते पूर्ण शुद्धीवर होते. फरशीबाबत मी काही म्हणू इच्छित नाही. (सही)

साक्षीदार २: द्वारकाबाई, राहणार समोर, सांगतील तसे आप्पासाहेबांनी लिहिले: "सही माह्यासमोर झाली. फरशीला म्या हात लावला. वली हाय, आन् पाण्याला बारवेचा वास हाय. पंधराला म्या जाणार, गल्लीतल्या साऱ्या बाया घिऊन जाणार, पयल्या रांगंत बसणार. बानाबाईच्यानं राह्यलं ते आमी म्हणू." (डाव्या हाताचा अंगठा)